एकट्याने डोलकाठी उभी करताना: जोर किती आणि दोर कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रेलरवरून नेता येणारी, पाच मीटरच्या आसपासची छोटी कॅटमरान, म्हणजे दोन हलांची (तरंगणाऱ्या सांगाड्यांची) शिडाची होडी आहे. डोलकाठी ॲल्युमिनियमची, साधारण आठ मीटरची. दोघे असले की ती झटकन उभी राहते. पण बरोबर कोणी नसले की होडी ट्रेलरवरच राहते. मग एकट्याने डोलकाठी उभी करता येईल का, आणि त्यासाठी विंच (दोर गुंडाळून ओढायचे यंत्र), जिन पोल (ओढीला उंची देणारा खांब) वगैरे सरंजाम विकत घ्यावा का?

करता येते. आणि या मापाच्या होडीला सरंजामही फार लागत नाही. एक लांब दोर, बाजूंना बांधायला दोन दोर, एक कप्पी, एक चांगले क्लीट (दोर पकडून ठेवणारा चाप) आणि मागे ठेवायची उंच घोडी, एवढ्यात काम होते. अट मात्र एक आहे आणि ती मी कधी सैल करत नाही: कामाच्या कुठल्याही क्षणी तुम्ही दोन्ही हात सोडलेत तर डोलकाठी कुठे जाईल, हे आधी ठरलेले असले पाहिजे. दोघे असताना दुसरा माणूस फारसे वजन उचलत नाही, हे नीट पाहिलेत तर लक्षात येईल. तो शेंडा बाजूला झुकू देत नाही, आणि डोलकाठी उभी झाली की पुढची तार जोडली जाईपर्यंत ती धरून ठेवतो. एकट्याने काम करायचे तर ही दोन कामे दोरांकडे सोपवायची.

पण आधी वजनाचा हिशेब करू, कारण धास्ती बहुतेकांना त्याचीच असते. उदाहरणाला होबी १६ घ्या. १९७० च्या सुमारास आलेली ही होडी आजही जगभर चालते: पाच मीटर लांब, वजन साधारण १४५ किलो, डोलकाठी आठ मीटरपेक्षा किंचित जास्त. तारा, हॅलियार्ड (शीड चढवायचे दोर) असे सगळे धरून डोलकाठीचे वजन २० किलो मानू. तुमची कमी-जास्त असेल, तर पुढचे आकडे त्या प्रमाणात बदला. वजन सगळीकडे सारखे विभागलेले आहे असे धरले, तर ते बुंध्यापासून चार मीटरवर एकवटल्यासारखे वागते. बुंधा खिटीने स्टेपमध्ये (बुंध्याच्या बैठकीत) अडकवला आणि डोलकाठी आडवी असताना शेंड्याला हात घातला, तर १० किलोत ती उचलते. दोन मीटरवर हात घातला तर ४० किलो लागतात. ट्रॅम्पोलिनच्या (दोन हलांमध्ये ताणलेल्या कापडाच्या) मागच्या कडेला उभे राहून, म्हणजे बुंध्यापासून सुमारे २.४ मीटरवर धरून उचलायची तर ३३ किलो.

लांब शिडी एकट्याने उभी करण्याची रीत माहीत असेल: पायथा भिंतीला टेकवायचा, वरचे टोक उचलायचे आणि एकेका पायरीला हात लावत भिंतीकडे चालत यायचे. डोलकाठीही तशीच उभी राहते. हात डोक्याच्या थोडे वर, १.९ मीटरवर ठेवून पुढे चालत आलात, तर सर्वांत जास्त जोर ४५ अंशांवर लागतो, सुमारे २१ किलो. ७० अंशांवर तो साडेतेरा किलोंवर येतो आणि ८५ अंशांवर चारपेक्षा कमी. म्हणजे शेवटच्या टप्प्यात एक हात मोकळा होतो. हे लक्षात ठेवा, पुढे सगळी युक्ती याच मोकळ्या हातावर आहे.

अडचण अशी की कॅटमरानवर शिडीसारखे शेवटापासून चालत येता येत नाही. शेंड्याकडून सुरुवात केली तर तुम्ही जमिनीवर असता, आणि मध्येच ट्रेलरवरच्या ट्रॅम्पोलिनवर चढावे लागते, डोक्यावर डोलकाठी घेऊन. हा चढण्याचा क्षण मला अजिबात मान्य नाही. सुरुवातच ट्रॅम्पोलिनवरून करायची, म्हणून मागे उंच घोडी हवी. ट्रेलरबरोबर मिळणारी घोडी प्रवासासाठी असते, ती बुटकी. एकट्यासाठी ती ट्रॅम्पोलिनच्या पातळीपासून सव्वा मीटरभर उंच करून घ्या, वर खोलगट खाच आणि खाचेत जाड कापड किंवा रबर. बुंध्यापासून तीन मीटर मागे अशी घोडी असली की डोलकाठी सुरुवातीलाच २२ अंशांवर असते. जोर त्याने फारसा कमी होत नाही, ३३ चा ३१ होतो. पण हात घालायची जागा घोट्याच्या उंचीवरून कमरेच्या उंचीवर येते. पाठीच्या दृष्टीने हा फरक दोन किलोंपेक्षा कितीतरी मोठा आहे. आणि कमरेच्या उंचीवरून ३० किलो उचलताना दम लागत असेल, तर हाताच्या पद्धतीचा हट्ट सोडून खालच्या जिन पोलच्या भागाकडे वळा.

आता खरा धोका. डोलकाठी बाजूला झुकते.

बहुतेकांची समजूत असते की बाजूच्या दोन तारा, म्हणजे श्राउड, जोडलेल्या आहेत ना, मग डोलकाठी बाजूला कशी जाईल? जाते, आणि चांगलीच जाते. श्राउड दोन्ही हलांवर जिथे अडकतात त्या चेनप्लेट डोलकाठीच्या बुंध्याच्या थोड्या मागे असतात. म्हणून डोलकाठी उभी असताना ताठ असणारी तार, डोलकाठी मागे आडवी असताना सैल लोंबते. तारा सहा मीटरवर जोडलेल्या आहेत, चेनप्लेट बुंध्याच्या अर्धा मीटर मागे आणि मध्यापासून १.२ मीटर बाजूला आहेत असे धरून हिशेब केला, तर आडव्या डोलकाठीचा शेंडा तार ताठ होण्याआधी तीन मीटर एका बाजूला जाऊ शकतो. तेवढाच दुसऱ्या बाजूला. जसजशी उभी होते तसतसा हा मोकळेपणा कमी होतो, पण मधल्या टप्प्यात, नेमका जोर सर्वांत जास्त असतो तेव्हा, तो अजून पुष्कळ असतो. शेंडा एकदा मध्य सोडून गेला की २० किलोंचे वजन बाजूला खेचू लागते, आणि ते तुमच्या हातांच्या ताकदीत राहत नाही. वर बुंध्याच्या खिटीवर पिळा येतो तो वेगळाच. स्टेपचे कान वाकण्याचे किंवा तुटण्याचे कारण बहुधा हेच असते.

यावरचा उपाय कॅटमरानमध्येच तयार आहे आणि एकाच हलच्या होड्यांना तो इतक्या सहज मिळत नाही. डोलकाठी पुढच्या बीमवर (दोन हल जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) उभी असते, आणि तो बीम होडीच्या पूर्ण रुंदीभर जातो. म्हणजे बीमची दोन्ही टोके बुंध्याच्या खिटीच्या जवळजवळ सरळ रेषेत येतात. तिथून डोलकाठीवर बांधलेल्या दोराची लांबी डोलकाठी आडवी असो वा उभी, जवळपास तीच राहते. खिटी बीमच्या कड्यापेक्षा आठ सेंटिमीटर वर असेल, तर दोर सुरुवातीला साधारण तेवढाच सैल ठेवावा लागतो आणि उभे होताना तो ताठ होतो. एवढ्या ढिलाईने शेंडा बाजूला अर्धा मीटर जाईल. तीन मीटरांच्या जागी अर्धा मीटर, आणि किंमत दोन दोरांची.

होडीला ट्रॅपीझच्या तारा (ज्यांना लटकून खलाशी बाहेर झुकतो) असतील तर या दोरांचा वरचा भागही वेगळा नको. त्या तारा श्राउडच्या जवळपासच जोडलेल्या असतात. प्रत्येक तारेच्या खालच्या धातूच्या कडीत दोराचा तुकडा बांधून तो बीमच्या टोकाला आणा. रबरी दोरीच्या भागात अडकवू नका. ती ताणते आणि मग दोर असून नसल्यासारखा. पहिल्यांदा हे माप ठरवताना कोणाला तरी मदतीला घ्या: डोलकाठी उभी करा, दोन्ही दोर बोटाने दाबल्यावर जरा दबतील इतके ताठ करा, आणि तिथे रंगीत चिकटपट्टीची खूण करा. पुढे दर वेळी खुणेपर्यंत बांधायचे. दोर ताणणाऱ्या नायलॉनचा नको, पॉलिएस्टरचा घ्या.

जागेबद्दल. होडीला हात लावायच्या आधी वर बघा. विजेच्या तारा कुठे आहेत ते, आणि फक्त डोक्यावरच्या नव्हे, डोलकाठी उभी केल्यावर पाण्यापर्यंत होडी ज्या वाटेने न्यायची त्या सगळ्या वाटेवरच्या. ॲल्युमिनियम वीज वाहून नेते, कार्बन फायबरही नेते, आणि श्राउड पोलादी असल्याने ती वीज थेट हलपर्यंत, म्हणजे हलला हात लावून उभ्या असलेल्या माणसापर्यंत येते. उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्शही व्हावा लागत नाही, जवळ गेले तरी ठिणगी झेप घेते. होबीच्या डोलकाठ्यांचा वरचा भाग पुढे फायबरग्लासचा होऊ लागला तो असे जीवघेणे अपघात झाल्यावर. पण तुमच्या डोलकाठीचा शेंडा तसा असला तरी श्राउड आणि खालचा भाग धातूचाच आहे हे विसरू नका. तारांखाली उभे राहून डोलकाठी उचलण्यात कसलेही कौशल्य कामाला येत नाही. जागा बदला.

ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा. सुटा ट्रेलर, त्यावर होडी आणि मागच्या टोकाला तुम्ही उभे, असे झाले की पुढचा दांडा उचलतो आणि सगळे मागे कलते. चाकांना ठोकळे लावा. होडी ट्रेलरला पट्ट्याने बांधलेली असू द्या. आणि शक्य असेल तर उतारावर अशी उभी करा की होडीचे पुढचे टोक मागच्यापेक्षा थोडे खाली असेल. हे चार-पाच अंश फार उपयोगी पडतात. दोन्ही श्राउड त्यांच्या लांबी बदलण्याच्या पट्टीतल्या सैल भोकात घातल्या की पूर्ण उभी झालेली डोलकाठी थोडी पुढे कलते आणि श्राउडवर टेकून राहते. होडी समतल असेल, किंवा मागे कललेली असेल, तर तीच डोलकाठी मागे पडायला बघते. उतार नसेल तर ट्रेलरच्या चाकांखाली फळ्या घालूनही पुढचे टोक सापेक्ष खाली नेता येते.

वारा बाजूचा असेल तर होडी फिरवून घ्या. मागून येणारी झुळूक चालेल, ती डोलकाठीला पुढे, श्राउडवर टेकवते. वाऱ्याचे झोत येत असतील, झाडांची पाने नुसती हलत नसून फांद्या हलत असतील, तर एकट्याने हे करू नका.

मग तारा. उचलताना अर्ध्यात काम थांबते ते बहुतेक वेळा एखादी श्राउड सुकाणूच्या बिजागरीत, ट्रेलरच्या रोलरमागे किंवा हलच्या काठाखाली अडकल्यामुळे. म्हणून सुकाणू काढून ठेवा. श्राउड दोन्ही बाजूंना हलच्या बाहेरून, पीळ न देता, सरळ मांडा. हॅलियार्ड डोलकाठीला दोन-तीन ठिकाणी बांधून टाका. प्रत्येक खिटीची रिंग नीट बसली आहे का ते हात लावून बघा. नुसते डोळ्यांनी बघून चालत नाही, अर्धवट बसलेली रिंग दिसायला पूर्ण बसल्यासारखीच दिसते.

आता शेवटच्या क्षणाचा दोर, म्हणजे गैरहजर माणसाचे दुसरे काम. पुढच्या तारेचे, फोरस्टेचे, खालचे टोक डोलकाठी आडवी असताना बुंध्याजवळ येते. त्या टोकाला आठ-दहा मीटरचा मऊ, हाताला जाड लागेल असा दोर बांधा. तो पुढे ब्रिडलपाशी, जिथे फोरस्टे एरवी अडकते तिथे लावलेल्या कप्पीतून घ्या आणि परत मागे, डोलकाठीच्या बुंध्याशी बीमवर बसवलेल्या दातेरी क्लीटमध्ये आणा. डोलकाठी आडवीपासून उभी होईपर्यंत हा दोर दोन-सव्वादोन मीटर ओढून घ्यावा लागतो, त्यामुळे शेपूट पुरेसे लांब ठेवा आणि ते पायांत येणार नाही असे बाजूला सोडा. क्लीट अशा कोनात बसवा की उभ्या माणसाने एका हाताने ओढले की दोर आपोआप दातांत बसेल. हा कोन आधी रिकाम्या दोराने तपासा, कारण चुकीच्या कोनातले क्लीट धरल्यासारखे वाटते आणि सोडून देते.

प्रत्यक्ष उचलणे यानंतर शांत असते. डोलकाठीच्या बरोब्बर खाली उभे राहू नका. ती एका खांद्याच्या बाजूला राहील असे, मध्यापासून अर्धे पाऊल बाजूला. कुठल्या बाजूला पाय काढायचा ते आधी ठरवा आणि ती बाजू मोकळी ठेवा. कमरेपासून खांद्यापर्यंत एका दमात, मग हात खाली सरकवत पुढे. घाई नको, पण ४५ अंशांच्या आसपास थांबायचेही नाही. तिथे विश्रांती मिळत नाही, फक्त हात थकतात. या टप्प्यात काही अडकले, तोल गेला, तर सोडा आणि बाजूला व्हा. बाजूचे दोर असल्यामुळे डोलकाठी सरळ मागे, घोडीकडे पडेल. घोडी मोडेल, कदाचित डोलकाठीला पोचा पडेल. तिला वाचवायला खाली उभे राहणे मात्र मूर्खपणा आहे.

सत्तरच्या वर गेलात की खांदा डोलकाठीला लावा, एक हात वर ठेवा आणि दुसऱ्या हाताने पुढचा दोर ओढायला लागा. आता डोलकाठी मागे पडायला लागली तरी क्लीट तिला धरेल. ती पुढे येऊन श्राउडवर टेकली की दोर घट्ट ओढा, क्लीटमध्ये बसवा आणि वर एक-दोन वेढे देऊन गाठ मारा. नुसत्या क्लीटवर विसंबून पुढे जाऊ नका. दोराला पायाचा धक्का लागला तर दात उघडतात. गाठ मारल्यावरच उतरा, पुढे जा आणि फोरस्टेची शॅकल (जोडकडी) लावा. दोर तारेला असा बांधलेला हवा की शॅकलची जागा मोकळी राहील. नाहीतर जोडायच्या वेळी दोर आधी सोडावा लागतो, आणि मग सगळा खटाटोप वाया.

शॅकल काही सेंटिमीटरने पुरत नसेल तर बहुधा श्राउडच कुठेतरी अडकलेली असते किंवा सैल भोकात घातलेली नसते. दोरावर लटकून जोर करण्याआधी ते बघा.

आता जिन पोल. त्याची गरज का पडते ते आधी सांगतो. डोलकाठी मागे आडवी असताना पुढून विंचने नुसती फोरस्टे ओढली, तर ओढ डोलकाठीच्या लांबीतच जाते. ती उचलत नाही, बुंधा स्टेपवर दाबते एवढेच. उचलायला ओढीची रेषा खिटीपासून दूर हवी, आणि ते अंतर उभा पोल देतो. बुंध्याशी दोन मीटरचा पोल डोलकाठीशी काटकोनात उभा केला, त्याचे टोक फोरस्टेला जोडले आणि तिथून ओढ तीन मीटर पुढच्या कप्पीवर नेली, तर ही रेषा खिटीपासून सुमारे १.६६ मीटरवर जाते. म्हणजे सुरुवातीला ४८ किलोंची ओढ लागते. पोल तीन मीटरचा केला तर ३८ किलो. पुढे डोलकाठी उठते तशी ओढ कमी होत जाते.

ही ओढ द्यायला विंचच हवे असे नाही. होडीच्या मुख्य शिडाचा कप्प्यांचा संच तुमच्याकडे आहेच, आणि तो बहुधा पाच किंवा सहा पट असतो. सहापट संचाने ४८ किलोंचे, घर्षण धरून, दहाच्या आसपास होतात. फक्त दोर मोजून घ्या. दोन मीटरच्या पोलचे टोक पुढे खाली येईपर्यंत कप्प्यांमधले अंतर ३.६ मीटरवरून एक मीटरवर येते, म्हणजे २.६ मीटर प्रवास. सहा पटींत सुमारे १६ मीटर दोर ओढावा लागेल. दोर मध्येच संपला तर डोलकाठी अर्ध्यावर आणि तुम्ही अडकलेले.

पोल एकटा असेल तर तोही बाजूला कलंडतो, त्यालाही बीमच्या टोकांकडे दोर हवेत. त्यापेक्षा दोन पायांचा, इंग्रजी ए अक्षरासारखा सांगाडा बरा. पाय पुढच्या बीमवर दोन्ही बाजूंना टेकवले की तो आपला आपण उभा राहतो आणि कॅटमरानची रुंदी इथेही कामी येते. पाय सरकणार नाहीत अशी त्यांना खोबण किंवा खिटी द्या. बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) वापरता येतो का असे अनेक जण विचारतात. येतो, पण बूमचे जोड बहुधा अशा दाबासाठी केलेले नसतात, त्यामुळे बुंध्याकडचे टोक कशात बसवता ते नीट बघा.

ट्रेलरचे विंच वापरणार असाल तर दोन गोष्टी. ओढ ट्रेलर आणि होडी यांच्यात पडते, म्हणून होडी बांधलेली नसेल तर ती ट्रेलरवर पुढे सरकेल. आणि साधे दातेरी चाकाचे विंच चढवायला ठीक, पण उतरवताना खटका उचलला की सगळे वजन हँडलवर येते. हात निसटला तर हँडल गरगर फिरते आणि बोटे मोडते. यासाठी ब्रेकवाले विंच घ्या, हँडल सोडले तरी ते जिथल्या तिथे थांबते.

सरंजाम घ्यावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: आठ मीटर आणि २० किलोपर्यंत, पाठ धड असेल तर हाताची पद्धत आणि वर सांगितलेले दोर. कारण हाताला कळते. एखादी तार अडकली की हाताला लगेच लागते आणि आपण थांबतो. कप्प्या आणि विंचला ते कळत नाही, ते ओढत राहतात, आणि पहिली खबर मिळते ती चेनप्लेट उखडल्यावर किंवा तार तुटल्यावर. जिन पोल वापरणाऱ्याने म्हणून दर थोड्या वेळाने ओढणे थांबवून दोन्ही बाजूंच्या तारा शेंड्यापर्यंत बघाव्यात. डोलकाठी नऊ मीटरच्या वर, किंवा वजन २५-३० किलोंच्या वर गेले की मात्र हाताचा विचार सोडा. सात-आठ मीटरच्या, केबिन असलेल्या छोट्या कॅटमरान यातच येतात. त्यांना बुंध्याशी पक्की बिजागरी आणि दोन पायांचा सांगाडा हेच योग्य.

उतरवणे हा उलटा क्रम आहे, पण लोकांना इजा जास्त याच वेळी होते. कारण सरळ आहे: दिवसभर पाण्यात राहून थकलेले असतो, हात ओले असतात, आणि फोरस्टेची शॅकल काढणे इतके क्षुल्लक वाटते की दोर न लावताच ती काढली जाते. शॅकल काढायच्या आधी बुंध्याची खिटी घाला, घोडी मागे लावा, बाजूचे दोर खुणेपर्यंत बांधा, पुढचा दोर तारेला बांधून क्लीटमध्ये घट्ट करा, आणि मगच पुढे जा. होडीचे पुढचे टोक खाली असेल तर शॅकल काढल्यावरही डोलकाठी जागची हलत नाही, तिला मागे ढकलावे लागते. ढकलण्याआधी बुंध्याशी येऊन खांदा लावा, दोर सोडवा. दोर हाताभोवती गुंडाळायचा नाही. वेढा घ्यायचाच तर तो बीमवर किंवा एखाद्या खुंटीवर घ्या, म्हणजे घर्षणाने वजन पेलले जाईल. ७० अंशांनंतर दोन्ही हात डोलकाठीला, मागे चालत, हात बुंध्यापासून दूर सरकवत. मागे चालताना ट्रॅम्पोलिनवर काहीही पडलेले नको. पायात आलेली एक चप्पलसुद्धा पुरते.

पाण्यात तरंगत असताना एकट्याने हे करू नका. कॅटमरान स्थिर असते हे खरे, पण बाजूने गेलेल्या बोटीची एक लाट शेंडा मीटरभर हलवते, आणि ४५ अंशांवर तेवढे पुरेसे आहे.

एक शेवटची गोष्ट, उभी करून झाल्यावरची. ज्या डोलकाठ्या स्वतःभोवती फिरतात, त्यांचा बुंधा गोळ्यावर बसतो आणि खिटी फक्त उचलताना बिजागरी म्हणून घातलेली असते. फोरस्टे जोडली, श्राउड मूळ भोकात ताठ केल्या की ती खिटी काढा. तशीच ठेवून शीड चढवलेत तर पहिल्याच वळणाला डोलकाठी फिरायला बघेल आणि खिटी तिला फिरू देणार नाही. वाकेल तो स्टेप. काढलेल्या खिटीला रंगीत दोरी बांधून ती ट्रेलरवरच ठेवा, होडीवर नको, कारण डोलकाठी उतरवताना तीच आधी लागणार आहे आणि ती पाण्यात पडली तर उतरवण्याचे काम अडेल.